किमान रक्कम

प्रादेशिक कार्यालय म्हणजे मी,
वर्किंग्टनच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर
भाड्यानं घेतलेलं एक टेबल,
आणि मंगळवारी तेही नाही;
मंगळवारी तिथं विणकामाचा वर्ग असतो.

लंडनच्या ऑफिसात आमच्या भिंतीवर नकाशा आहे.
दिलेल्या दर कर्जामागे एक टाचणी.
खाली उजवीकडे साळिंदर झालंय त्याचं,
वर डावीकडे, समुद्राला लागून,
कागद कोराकरकरीत.
"तिकडून मागणीच येत नाही," साहेब म्हणाले.
पाटाच्या मुखाशी बसलेल्याला
शेपटाकडची तहान
अशीच ऐकू येत असावी.

मेरीपोर्टला गोदीच्या मागे
ऑड्री फेअरनची लॉन्ड्री.
पाटीवर धर्मादाय संस्था, आत धोबीघाट.
चौदा माणसं. त्यातली नऊ
सरकारी छत्राखाली वाढलेली,
अठराव्या वाढदिवशी ते छत्र मिटलं
तेव्हा हातात एक पिशवी घेऊन बाहेर पडलेली.
लॉजवाल्यांच्या चादरींतून पैसा येतो,
त्यावर एकट्या म्हाताऱ्यांची अंथरुणं धुतली जातात,
काही न विचारता,
नाकाला हात न लावता.

वाळवणयंत्रं तीन. चालू एक.
व्हॅनचं दार दोरीनं बांधलेलं.
तिला हवेत अडतीस हजार पौंड.
आमची किमान रक्कम अडीच लाख.

"मग अडीच मागा की," मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणताच लाजलो.
"अडीच लाखांचं काय करू? गोदी विकत घेऊ?"
ती चादरीची दोन टोकं माझ्या हातात देत म्हणाली.
घडी घालायला मला येत नव्हतं.
डेन्झिलनं शिकवलं, एकोणीस वर्षांचा,
बोलणं कमी, कोपऱ्याला कोपरा बरोब्बर.

"गेले होते मी लंडनला, चार वर्षांमागे.
पहाटेची गाडी, कार्लाइलला बदलून.
भेट वीस मिनिटांची.
पोरगा भला होता. विचारलं त्यानं,
इम्पॅक्ट कसा मोजता?
म्हटलं, उशांचे अभ्रे मोजते.
हसला नाही.
लिहूनही घेतलं नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
तिनं मूठ उघडूनच ठेवली काउंटरवर:
हिशेबाची वही, कडा साबणानं फुगलेल्या,
विजेचं बिल, थकलेलं नाही पण टेकलेलं,
आणि एक पान, ज्यावर नुसती नावं.
"ही कुठली?"
"ही आता दुसरीकडे कामाला आहेत.
हे पान तुमच्या अर्जात कुठं बसत नाही,
मी पाहिलंय."

येताना धक्क्यावर लाटेनं भिजवलं होतं मला.
माझा कोट तिनं कधी उचलला, कळलंच नाही.
चालू असलेल्या एकुलत्या यंत्रात
कुणा मिसेस बेव्शरच्या गोधडीसोबत
तो गरगरत होता, बटणं काचेवर वाजत,
आणि आतल्या खिशात आमचा अर्ज,
बावीस पानी, तिन्ही प्रतींत.

कोट निघाला ऊन ऊन, भाकरीसारखा.
अर्जाचा लगदा. वाचता येत होती
फक्त एक ओळ, तीही अर्धी:
'किमान र'.

डेन्झिल हसला. दुपारभरात पहिल्यांदा.

मग तिच्याच वहीतलं कोरं पान फाडून
मी हातानं लिहायला बसलो.
काय करता. कुणासाठी. किती लागतील.
परत कसे कराल, आणि जमलं नाही तर काय.
पाचवा प्रश्न सुचेना.
अभ्र्यांचा आकडा समासात लिहिला, मोठ्या अक्षरांत.
शेवटची गाडी गेली तेव्हा
आम्ही व्हॅनच्या दाराबद्दल बोलत होतो.

समितीची बैठक गुरुवारी आहे.
ते म्हणतील, एवढ्याशा कर्जाला
कागदांचाच खर्च जास्त.
तेव्हा मी काय बोलीन, अजून ठरलेलं नाही.
पण जाताना तोच कोट घालून जाईन,
शिवणीत अजून साबणाचा वास आहे,
आणि वरच्या खिशात एक टाचणी,
विणकामवाल्या बाईंकडून मागून आणलेली.